महागूला कोणी विचारलं नाही

छप्पन्न सालच्या नोव्हेंबरात राज्यांची नव्याने वाटणी झाली, राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि बालाघाट जिल्हा भोपाळच्या पदरात पडला. ही बातमी कटंगीच्या बाजारात पोचली, तेव्हा महागू शेंडे वांगी निवडत होता. हातातलं वांगं त्याने टोपलीत टाकलं आणि भर बाजारात विचारलं, "मले कोणी विचारलं?"

कोणीच विचारलं नव्हतं. वांगीवालीलाही नाही. पण ती गप्प बसली आणि महागू पुढची दहा वर्षं बसला नाही. खरं तर दुसऱ्या राज्यात गेलं होतं ते त्याच्या बायकोचं, मैनाबाईचं, तुमसरजवळचं माहेर. बोंबलत मात्र महागू होता.

माणूस वाईट नव्हता, फक्त चार जणांनी मिळून ठरवलेलं काही त्याच्या घशाखाली उतरत नसे. देवळाला पिवळा रंग ठरला की याला पांढरा हवा. पांढरा ठरला की "ठरवणारे तुमी कोन?" प्रत्येकाचं डोकं त्याच्या स्वतःच्या धडावर आहे, गावच्या पटेलाच्या नाही, एवढंच त्याचं राजकारण. ते तो कोणालाही ऐकवायचा, समोरच्याचं ताट निवत असलं तरी.

सदुसष्टच्या निवडणुकीआधी गावचा पटेल दुलीचंद याने सगळ्या बाप्यांना मारुतीच्या पारावर जमवलं. नाल्यावर पूल बांधून देतो म्हणणारा एक उमेदवार त्याने गाठला होता, बदल्यात गावाची एकगठ्ठा मतं द्यायची. दर घरातून एकाने हळदीचे तांदूळ हातात घेऊन मारुतीसमोर शपथ घ्यायची. समोरचा उमेदवार होता घनश्याम मास्तर, सायकलवरून एकटाच दारोदार फिरणारा म्हातारा. त्याचं नाव निघाल्याबरोबर सगळे पोट धरून हसले. महागूही हसला.

मग तांदळाचं ताट महागूपुढे आलं.

"मत मी पूलवाल्यालेच देईन," तो म्हणाला. "पन शपथ नाही घेनार."

"अबे, द्यायचंच हाय तं शपथ घ्यायले काय होते?" दुलीचंद म्हणाला.

"द्यायचंच हाय तं शपथ काहून पाह्यजे?"

दुलीचंदने उत्तराऐवजी शिक्षा सुनावली. महागूच्या घरातून शपथ होईपर्यंत त्याच्या खळ्यावर कोणी बैल न्यायचे नाहीत.

ही शिक्षा वर्मी लागणारी होती. धान मळायला बैलांच्या तीन-चार जोड्या गोल फिरवाव्या लागतात आणि एवढे बैल एका घरी नसतात, म्हणून सगळे एकमेकांचे नेतात. महागूकडे एकच बैल होता. त्याची पाळी शेवटची, वर्षाचं सगळं धान पेंढ्यांसकट खळ्यावर रचून पडलेलं, आणि वर आभाळ भरून यायला लागलेलं. पाऊस आला असता तर दाण्यांना मोड फुटले असते आणि घरात वर्षभर खायला काही उरलं नसतं.

महागू हटला नाही. एकेक पेंढी उचलून फळीवर आपटत राहिला. तीन दिवसांत त्याची कंबर गेली आणि ढीग जेमतेम गुडघाभर उतरला. मैनाबाई शेजारी दाणे गोळा करत होती. तिच्याशी तो तीन दिवस माणसाच्या इमानाबद्दल बोलला.

चौथ्या दिवशी सकाळी कंबर धरून खळ्यावर येतो तो काय, बैलांच्या चार जोड्या गोल फिरतायत आणि शेजारचा सुखराम हाकतोय. महागूची छाती फुगली.

"पाह्यलं, सुखराम? एक मानूस खंबीर उभा राह्यला तं अख्ख्या गावाले वाकावं लागलं!"

सुखरामने बैलांना थांबवलंसुद्धा नाही. "कोनी नाही वाकलं, भाऊ. कालच्याले वहिनीनं शपथ घेतली."

महागू तरातरा घरी गेला. मैनाबाई चुलीपुढे बसली होती.

"मले न विचारता शपथ घेतली?"

"हौ. तुमी नाही म्हनाले, तवा मले विचारलं होतं? त्या धानात अर्धं माह्या हातानं रोवलेलं हाय."

 दुपारी महागू खळ्यावर गेला, पण भाषण केलं नाही. दाणे घरात आले त्याच संध्याकाळी पाऊस आला.

मतदानाच्या दिवशी दोघं शाळेवर जाऊन आले. महागूने कोणाचीही शपथ न घेता, इमानदारीने, पूलवाल्याला शिक्का मारला होता. परतताना त्याने सहज विचारलं, "तूनं बराबर मारला ना?"

"मास्तराले मारला."

महागू रस्त्यातच थांबला. "मारुतीसमोर शपथ घेतली ना तूनं!"

"घेतली. धान सडलं असतं तं मारुती जेवू घालनार होता काय? पाप लागंन तं मले लागंन."

"पन मास्तर काहून? पडनार हाय तो."

"पडू दे. तुमी खळ्यावर होते, मी घरी चुलीपाशी, तवा दारात सायकल लावून आला. मी म्हनलं, मालक घरी नाहीत. तं म्हने, त्यायचं मत त्यायच्यापाशी, बाई. तुमचं काय म्हननं हाय ते सांगा." मैनाबाईने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चालायला लागली. "चाळिशी उलटली माही. मले पहिल्यांदाच कोनी विचारलं."