शिळा आवाज

"आगं मावशी, नवा मास्तर कुनाला? माझ्या संघाला? मग मी काय मेलो का काय?"

आल्ट्ये मावशीच्या हातातला डाव वाटाण्याच्या सूपात तसाच थांबला. बाल्डरवेन गावच्या फुटबॉल क्लबचं कँटीन ती तीस वर्षं फुकट सांभाळत होती, आणि तिच्या पोटात काही म्हणून राहत नसे.

"तुला सांगितलं न्हाई व्हय रं, रूल्फ? मला वाटलं, पयलं तुलाच सांगितलं असंल. शनवारी मैदानाच्या कडंला वही घेऊन हुबा हुता बघ, लांब कोटवाला, त्योच. पुढच्या सालापासनं. दोनदा सूप मागून प्यायला मेला."

रूल्फ आयसिंगनं कपाळावर हात मारून घेतला. त्या कोटवाल्याला पाहुणा समजून त्यानंच शनिवारी हाक मारली होती, "इकडं या, हितनं ब्येस दिसतंय." आपली जागा घ्यायला आलेल्या माणसाला आपणच चांगली जागा दिली!

रूल्फ ह्याच मैदानावर वाढलेला. पुढं शहराच्या संघात अकरा वर्षं मधल्या फळीत खेळला, पैशावर खेळणाऱ्यांच्या दुसऱ्या श्रेणीत. गोल मारणाऱ्याचा फोटो पेपरात यायचा. चेंडू त्याच्या पायापर्यंत नेणारा रूल्फ त्याच फोटोच्या कडेला, अर्धा कापलेला. बत्तिसाव्या वर्षी गुडघा गेला. मग दिवसा लोकांच्या न्हाणीघरात फरश्या बसवायच्या, त्याही गुडघे टेकून, आणि संध्याकाळी प्रशिक्षकाच्या परीक्षेचा अभ्यास. आधी पोरींचा संघ शिकवला, मग शेजारगावाचा, आणि गेली तीन वर्षं आपल्या गावाचा. बावीस वर्षं खालच्या श्रेणीत रुतलेलं गाव यंदा डिसेंबरात पहिल्या नंबरावर होतं.

पण ह्या मुलखाची रीत मोठी अजब. नाताळाच्या आधीच क्लब पुढच्या हंगामाचा मास्तर ठरवून मोकळे होतात. जुन्यानं मात्र मे महिन्यात हंगाम संपेपर्यंत इमानानं राबायचं, आणि शेवटच्या सामन्याला फुलांचा गुच्छ घेऊन दात काढत फोटोला उभं राहायचं. का, तर तीन वर्षांत पोरांना आवाज शिळा होतो म्हणे!

तेवढ्यात क्लबचा अध्यक्ष वुब्बो बुटाचा चिखल पायपुसण्याला पुसत आत आला. दीडशे गाईंचा धनी, आणि शाळेत रूल्फच्याच बाकावरचा.

"वुब्बो, माझा आवाज शिळा झाला म्हनं."

वुब्बोनं मावशीकडं बघितलं. मावशीनं सूपाकडं बघितलं.

"आरं, रीतच हाय ती. तीन वरसं झाली की पोरास्नी नवा आवाज लागतो. तुझ्यावर राग न्हाई कुनाचा."

"तुझ्या गाई वीस वरसं तुझंच बोंबलनं ऐकत्यात. आटलं का दूध?"

"आनि बायकू बी ऐकतीया बिचारी," मावशी पुटपुटली.

"आपन पयलं हाय, वुब्बो! पयलं!"

"ठराव नव्हेंबरात झाला. तवा आपन चौथं हुतो."

"आनि मला सांगायला काय झालं हुतं? ह्या गावात मानूस लगनात जाऊन नवरीला तोंडावर सांगतो, झगा तुला शोभत न्हाई. आनि माझ्याच बाबतीत तुझी जीभ गळून पडली?"

"नाताळाच्या आदल्या आठवड्यात सांगनार हुतो. जरा बरी येळ बघून."

रूल्फचा हात खिशातल्या सामानखोलीच्या किल्ल्यांवर गेला. किल्ल्या टेबलावर आपटून तो निघून गेला असता, तर कुणी त्याला नावं ठेवली नसती. वुब्बोही त्या हाताकडंच बघत होता. पण बाहेर संघाचे अठरा जण थंडीत पाय आपटत उभे होते, आणि शनिवारी दुसऱ्या नंबरच्या संघाशी गाठ होती.

"चल भाईर. पोरांम्होरं सांग. आत्ताच्या आत्ता."

वुब्बोनं दिव्याखाली उभं राहून, स्वतःच्या बुटांकडं बघत, एका दमात सांगून टाकलं. कुणालाच नवल वाटलं नाही. तिथं रूल्फला दुसरा चटका बसला.

"तुमास्नी बी ठावं हुतं?"

कप्तान योरिट पुढं आला. गावातले नळ दुरुस्त करणारा, सरळ माणूस. "आमाला चिठ्ठ्या दिल्या हुत्या, रूल्फ. नवा आवाज पायजे का, म्हनून. मी हो म्हनलो."

"का?"

"चेंडू यायच्या आधी मान वळवून बघ, हे तू हजारदा सांगितलंस."

"मग बघतोस का?"

योरिटनं मान खाजवली. "कवातरी."

सगळे फसकन हसले. रूल्फ नाही हसला. त्याचे पाय कधीच वेगाचे नव्हते. अकरा वर्षं त्यानं मान वळवण्यावरच पोट भरलं होतं.

"हसू नगा. मे म्हैन्यापातुर ह्योच आवाज कानात घ्यायचा. वरच्या श्रेनीत मी घालनार तुमाला, त्या कोटवाल्यानं न्हाई. आनि वुब्बो, त्यो वहीवाला तवर माझ्या मैदानाच्या कडंला दिसता कामा नये."

"कळवतो त्याला."

"कळवू नगंस. तोंडावर सांग."

वुब्बो कँटीनकडं वळला. रूल्फनं वाकून, गुडघ्याला एक शिवी देऊन, गवतावर प्लास्टिकचे शंकू मांडले, जोड्या लावल्या, शिट्टी फुंकली. पहिला चेंडू त्यानं स्वतःच योरिटकडं मारला, जरा जास्तच जोरात.