टाकीवरून दिसणारा समुद्र

‘ताजी मासळी’ अशी पाटी रंगवायच्या आधी पेंटरमामा मासळीचे कल्ले उघडून बघायचा. लाल दिसले तर ब्रश बुडवायचा, नायतर डबा उचलून चालू पडायचा. आगरदांड्याच्या वाटेवरच्या निम्म्या दुकानदारांनी त्याला शिव्या घातल्यात. त्यात सगळ्यात मोठा आवाज माझा.

छापील फ्लेक्स आले आणि मामाचे ब्रश सुकले. मग म्हातारा कॉम्प्युटर शिकला, दुकानदारांना वेबसाइट करून द्यायला लागला. मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. घरातल्या दोन खोल्या पर्यटकांना देतो. मला वाटलं, वेबसाइट म्हणजे सिनेमाच. म्हटलं, “मामा, लाटा हलल्या पायजेत. मासे उडाले पायजेत.”

“तुझ्या खोलीतला पंखा तरी हलतो काय रं?” मामा म्हणाला. “साधी साइट म्हणजे पाटीच. आपण लिहू तेच सगळ्यांना दिसणार, आपण बदलू तवाच बदलणार. खोल्या, जेवण, रस्ता, फोन, बस. जड काय न्हाय, म्हणून धक्क्यावरच्या रडक्या रेंजमध्ये पण उघडते.”

“बरं, मग लिही, खोलीतून समुद्र दिसतो.”

मामा उठला. खिडक्या उघडल्या. एकीतून शेजाऱ्याचा गोठा, दुसरीतून माझंच वाळत घातलेलं बनियन. मग गच्चीवर गेला, पाण्याच्या टाकीवर चढला आणि ओरडला, “दिसला!”

साइटवर त्यानं लिहिलं, ‘खोलीतून समुद्र दिसत नाही. टाकीवर चढलं की दिसतो.’

फेरीबोटीच्या रांगेसमोर मी त्याला बोललो, “म्हाताऱ्या, तुझा धंदा बुडाला, आता माझा बुडव!”

“खोटं लिहिलं तर तू झोपलास तरी पाटी बोलतच राहणार,” मामा एवढंच म्हणाला. “आणि गिऱ्हाईक शेवटी तुझ्याच दारात येणार.”

सुट्टीत एक कुटुंब आलं. पोरांनी बॅगा टाकल्या आणि विचारलं, “टाकी कुठाय?” मामा टाकीपाशीच होता. पोरं घसरतील म्हणून, मी न सांगताच, शिडीच्या पायऱ्यांना पिवळे पट्टे मारत होता. पोरांमागोमाग गच्चीवर आलेल्या त्यांच्या आई हसत म्हणाल्या, “समुद्र दिसत नाही म्हणून कोण लिहितं हो? ते वाचूनच आलो आम्ही. कोणी लिहिलंय?”

मी छाती फुगवून म्हटलं, “मीच!”

मामाचा ब्रश थांबला. मग परत चालू झाला. “व्हय,” तो म्हणाला, “मालक चौथीच शिकलाय, पण लिहितो बरा.”

मला त्या टाकीत बुडी मारावीशी वाटली. पण मारली न्हाय. पाहुण्यांचा चहा टाकायला पळालो.

गेल्या उन्हाळ्यात मामा गेला. साइट हाय तशीच हाय. तिच्याखाली त्याचं नाव टाकावं म्हटलं, तर बदलणारा तोच होता. मग त्याच्याच डब्यातला सुकत आलेला पिवळा रंग कालवला आणि टाकीवर लिहिलं, ‘साइटवरचं सगळं पेंटरमामानं लिहिलंय.’

अक्षरं आली ती खेकडा चालून गेल्यासारखी. पाहुणे हसतात, विचारतात, हे कोणी लिहिलं?

खाली बघून सांगतो, “हे मात्र मीच.”