बसके पाव

श्रीवर्धनात गुलबानूखालासारखे भरलेले पाव कुणाला जमले नाहीत, आणि कुणी जमले म्हणत असेल तर मला ते ऐकायचंही नाही. पाववाले पीठ फुगवायला ताडी घालत. खालाला ताडी वर्ज्य, म्हणून ती नारळाचं पाणी साखर घालून आंबवायची आणि त्यात मैदा मळायची. पीठ फुगलं की गोळ्यांत ओलं खोबरं, गूळ, वेलची भरून ते पातेल्यात मांडायची. खाली निखारे, झाकणावरही निखारे. वास उंबऱ्यापर्यंत येईस्तोवर झाकणाला हात लावायचा नाही, हा तिचा कायदा.

तिचा नवरा करमअली आगबोटीवर खलाशांचा स्वयंपाकी होता. एकतीस साली तो घरी आला आणि पहिल्याच सकाळी त्यानं चिमट्यानं झाकण उचललं.

"जळतील गं! मी दुनियेच्या भट्ट्या बघितल्यात."

सगळे पाव बसले.

"दुनियेच्या भट्ट्या बघितल्यात, पण माझं पातेलं न्हाय बघितलंत!" खाला कडाडली.

त्यानं ते बसके पाव खाल्ले आणि वर म्हणाला, "मला असेच आवडतात." मग घरी होता तोवर तो रोज झाकण उचलायचा आणि रोज बोलणी खायचा.

तो बोटीवर परतला, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी, तिची भाची, खालाच्या चुलीपाशी बसले होते. वास यायच्या कितीतरी आधी तिनंच झाकण उचललं.

"खाला, बसतील ना पाव!" मी ओरडले.

"बसूंदेत," ती म्हणाली, आणि एक बसका पाव फुंकर घालत खाऊ लागली.