पायाखालचा पत्रा

जिंतूरच्या रस्त्यावर माझी डावी चप्पल गाडीतून खाली पडली. दारातून नव्हे, सरळ तळातून. पायाखालची रबरी चटई सरकली होती आणि तिच्याखाली हातभर भोक होतं. त्यातून डांबर पळताना दिसत होतं. मी दोन्ही पाय सीटवर घेतले आणि ओरडले, "अहो, थांबवा! तळ गेला!" ह्यांनी गाडी थांबवली, मागे चालत जाऊन चप्पल आणली, भोकात वाकून पाहिलं आणि म्हणाले, "उन्हाळ्यात बरं, गार वारा येईल." मला इतका राग आला की परभणी येईपर्यंत मी पाय खाली सोडले नाहीत.

राग ह्यांच्यापेक्षा मला माझाच जास्त आला होता. ते भोक रुपयाएवढं होतं तेव्हापासून मला माहीत होतं. चटई मीच त्यावर ओढली होती.

आमची गाडी म्हणजे बुटकी, दोनच माणसं बसतील अशी, कापडी टपाची परदेशी स्पोर्ट्स कार. हैदराबादच्या एका कंत्राटदाराने धंदा गुंडाळताना ती ह्यांना भंगाराच्या भावात देऊन टाकली होती. हे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर, येलदरीच्या कालव्यांवर फिरणारे. मी शाळेत शिकवायची. आम्ही बौद्ध. ह्यांच्या वडिलांनी जन्मभर दुसऱ्याच्या रानात राबून मुलाला शिकवलं होतं. तो मुलगा टप उघडून लाल गाडीतून बाजारातून जायचा आणि मी शेजारी बसायची. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं. पदर उडाला तरी मी धरत नसे.

मग विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि त्या पावसाळ्यात मराठवाड्यात आमच्या लोकांची घरं जळायला लागली. रोज एखाद्या गावाचं नाव कानावर यायचं. एक दिवस दुपारी शाळेतून येताना पानटपरीवरचा माणूस शेजारच्याला म्हणाला, "लाल गाडीवाला लय मिरवायलाय." एवढंच. त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही. पण मी रस्ता सोडून मागच्या गल्लीने घरी आले. दारात उभी असलेली गाडी मला त्या दिवशी पहिल्यांदा खूप लाल दिसली.

ह्यांचे शाळेपासूनचे एक मित्र होते, जिंतूरजवळच्या खेड्यातले, मराठा, घरची शेती असलेले. ते स्वतःहून आले. म्हणाले, "मान्सं कुठंबी ऱ्हातील. गाडी लपत न्हाई. माझ्या रानात आणून लाव." गाडी त्यांच्या शेतात गेली. तिच्यावर त्यांनी कडब्याच्या पेंढ्या रचून मोठी बनीम उभी केली आणि चार महिने गाडी तिच्या पोटात राहिली. बाहेर काढली तेव्हा सीटवर कोंबडीची अंडी होती आणि लाल रंगाला जागोजाग तपकिरी फोड आले होते.

ह्यांना ते बघून वाईट वाटलं. मला बरं वाटलं. गंजक्या गाडीकडे कोण बघतं? पुढे दारं खालून कुरतडल्यासारखी झाली, चाकावरचे पत्रे विरले, आणि लोक हसायला लागले. "साहेब, ढकलू का?" म्हणायचे. हसणाऱ्या माणसाची मला भीती वाटत नव्हती. दर दसऱ्याला गाडीला हार घालताना हे म्हणायचे, यंदा हिचं काम करून घेऊ. मी काहीतरी काढायची. उन्हाळा होऊ द्या, पोरीची परीक्षा होऊ द्या, तुमची बदली होते का बघू द्या. नामांतराचा मोर्चा निघाला की हे त्यात पुढे असायचे, आणि मी घरी बसून मनाशी म्हणायची, गाडी तरी नजरेत येत नाही. सहा वर्षं अशी गेली.

आता मात्र तळच गेला होता. वेल्डिंगवाल्या चाचांनी गाडी उचलून दगडांवर ठेवली आणि पेचकस तळाला लावला. तो मुठीपर्यंत आत गेला. "भाबी," ते मला म्हणाले, "सब खा लिया. साहब की बाजू भी." दोनच वाटा होत्या. गाडी भंगारात द्यायची, नाहीतर तळ आणि दारं कापून नवा पत्रा मारायचा.

मी विचारलं, "नुसता तळ करता येईल? वरचं असू द्या, आहे तसं." ते माझ्याकडे बघतच राहिले. गंज ठेवून गाडी दुरुस्त करा म्हणणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नसावं. म्हणाले, गंज ठेवला तर नवा पत्राही तो खाणार. सगळा खरवडावा लागेल आणि वरून रंग द्यावाच लागेल.

"कोणता रंग?" मी विचारलं.

"ती लाल आहे," हे म्हणाले.

"होती," मी म्हटलं.

आठ दिवस आमच्या घरात हाच विषय. मी म्हणायची, भंगारात द्या, नाहीतर राखाडी करा. हे रोज संध्याकाळी चाचांकडे जाऊन गाडी बघून यायचे. गाडी गेली असती तर हा माणूस आतून मोडला असता, हे मला दिसत होतं. आणि ती लाल झाली तर कुठल्या टपरीवर कोण काय म्हणेल, हेही मला दिसत होतं. शाळेत फळ्यावर गणित लिहिताना मी मध्येच थांबायची. कुठवर आले होते तेच आठवायचं नाही.

त्याच आठवड्यात ते मित्र बाजाराला आले आणि आम्हाला शोधत चाचांकडे पोचले. गंज कुठवर गेलाय ते बघायला चाचांनी कापून काढलेला तळ जमिनीवर पडला होता. ते त्याच्याशेजारी उकिडवे बसले आणि बोटांवर गंज चोळला.

"वहिनी, ही माझ्या कडब्याची करनी हाय," ते म्हणाले. "पावसात भिजलेला कडबा टाकला म्या. वाळलेला कोठ्यात व्हता, पन तेवढी सवड न्हवती. आमच्याच गावची चार पोरं इचारत आली व्हती, गाडी हितं हाय का म्हणून."

हे आम्हाला कधीच माहीत नव्हतं. मी विचारलं, "मग तुम्ही काय सांगितलंत?"

"काय सांगायचं? बनीमीवर चढून बसलो. वरूनच बैलांस्नी पेंढ्या टाकू लागलो. म्हनलं, घ्या हुडकून." ते हसले, पण डोळे खालीच होते. "आता पयल्यासारखी लाल करा. म्हंजी माझ्या मानंवरचं वझं उतरंल."

हे माझ्याकडे बघत होते. चाचाही बघत होते. इतक्या माणसांनी एका शब्दाची वाट पाहावी असा प्रसंग माझ्यावर पुन्हा आला नाही. मला लाज वाटत होती, आणि तरी लाल म्हणायला तोंड उघडत नव्हतं. शेवटी म्हटलं, "राखाडीच करा."

मित्र उठले आणि बोटांवरचा गंज धोतराला पुसू लागले. ह्यांनी मान हलवली आणि चाचांना म्हणाले, "करा राखाडी."

गाडी आली ती अगदी नवी होऊन. पाय टेकले की तळ घट्ट लागायचा. मी निवांत झाले. टप उघडून बाजारातून गेलो तरी कुणी वळून बघितलं नाही, निदान मला तसं वाटलं.

महिनाभराने पाथरीकडची एक बाई सकाळी दारात आली. मुलीला माझ्या शाळेत घालायचं होतं. पिशवी तिने गाडीवरच ठेवली आणि कपाळ पुसलं. मी विचारलं, घर सापडायला त्रास झाला का?

"न्हाई बाई. स्टँडवर इचारलं तर म्हनले, लाल गाडीवाल्या बाईचं घर. लगेच घावलं."

"कुठे आहे लाल गाडी?" मी विचारलं.

तिने वळून पिशवीखालच्या गाडीकडे पाहिलं. "व्हय की," ती म्हणाली. "पन समदे तसंच म्हनतेत."

तिला पाणी दिलं, मुलीचं नाव लिहून घेतलं. ती गेल्यावर मात्र मला रडू आवरेना. हे पेपर वाचत बसले होते. मी म्हटलं, "अहो, इतकी वर्षं आपण कुणापासून लपत होतो?"

त्यांनी पेपर खाली ठेवला. "कडब्याखालचे ते चार महिने मीही लपलो होतो," ते म्हणाले. "पुढची सहा वर्षं तू एकटीच."