माझ्या सर्व्हरवरची कालवणवाली मावशी

मंडळी, आज सकाळी मोरा जेट्टीवर एक मासळीवाली मावशी भेटली. चेहरा लगेच ओळखला. ती कालवणाचे व्हिडिओ टाकते आणि माझी आई ते रोज दुपारी बघते.

मी व्हिडिओंचं कौतुक केलं तर म्हणाली, "आता बंद करनार हाय, बाला. बघतंय कोन?"

"असं कसं? तुमचे सगळे व्हिडिओ डाउनलोड करून घरच्या सर्व्हरवर ठेवलेत मी. जाहिरात नाही, बफरिंग नाही. आई टीव्ही लावते की थेट तुम्ही!"

हे मी अभिमानाने सांगत होतो, तेही लिहून टाकतो.

तिने हात पुसले, मोबाईल काढला आणि व्ह्यूजचा आकडा माझ्यासमोर धरला. "मंग ह्याच्यात तुजी आय कुटं हाय?"

मी बोंबील घेतले आणि निघालो.

वाशीला घरी आल्यावर आईला तिचं चॅनल ऑनलाइन लावून दिलं. मध्येच जाहिरात आली.

"तुझा सर्व्हर बिघडला का रे?"

"नाही. तुझी हजेरी लागतेय."

तुमच्या हार्ड डिस्कमध्ये असं कोण आहे, ज्याला वाटतंय की आपल्याला कोणीच बघत नाही?