रिपोर्टात न आलेलं दुखणं

शुभदाताई टिपणीस गेल्याचं मला शाळेच्या स्टाफरूममध्ये कळलं. सातवीच्या गणिताच्या वह्या तपासत होते, तेव्हा त्यांच्या भाचीचा, मुग्धाचा फोन आला. "मावशी सकाळी फिरायला गेली होती. सोसायटीच्या बागेत बाकावर बसली आणि... डॉक्टर म्हणाले हार्ट," एवढंच ती बोलू शकली. दिल्लीत आमच्या मयूर विहारहून त्यांच्या द्वारकेला मेट्रो सरळ जाते, गाडी बदलावी लागत नाही. तरी त्या दिवशी मी मध्येच भलत्या स्टेशनवर उतरले आणि पुन्हा पुढच्या गाडीत चढले. आता दीड महिना झाला. आयुष्याची वीसेक वर्षं त्यांनी ज्या कामात घातली, ते काय होतं हे त्यांच्या शेजाऱ्यांनाही नीटसं ठाऊक नव्हतं. सगळ्यांच्या लेखी त्या "एमआरआयवाल्या मॅडम" होत्या. म्हणून हे लिहायला बसले आहे.

सहा वर्षांपूर्वी मी बसलेली ई-रिक्षा वळणावर कलंडली आणि माझं डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. शुद्ध हरपली नाही, रक्त आलं नाही. इस्पितळात सीटी स्कॅन झाला, रिपोर्ट नॉर्मल आला आणि संध्याकाळच्या आत मी घरी होते. पण पुढच्या आठवड्यापासून काहीतरी बिनसलं. ट्यूबलाइटचा उजेड टोचायचा. वर्गातला गोंगाट डोक्यात घण घातल्यासारखा व्हायचा. फळ्यावर सोपं समीकरण मांडता मांडता पुढची पायरी सुचेनाशी व्हायची. माझे यजमान, सुधीर, वाईट माणूस नाहीत. पण तेही म्हणायचे, "अगं, रिपोर्ट नॉर्मल आहे ना? मग?" हळूहळू मलाच वाटू लागलं, की मी नाटक करते आहे.

अशात एका मैत्रिणीकडे हळदीकुंकवाला गेले. आत बायकांचा कलकलाट सुरू होता, म्हणून बाहेर जिन्यात जाऊन बसले. मागोमाग खादीची साडी नेसलेल्या, केस बारीक कापलेल्या एक बाई आल्या, माझ्या शेजारच्या पायरीवर टेकल्या आणि म्हणाल्या, "डोकं कधी आपटलं?" मी त्यांच्याकडे बघतच राहिले. मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. "आत तू भिंतीकडे तोंड करून उभी होतीस," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे येणारी माणसं अशी उभी राहतात." त्या जिन्यावर मी पहिल्यांदा सगळं बोलले, आणि रडले.

शुभदाताई औषध देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, भौतिकशास्त्राच्या होत्या. डोक्याला किरकोळ मार लागलेल्या, साध्या स्कॅनमध्ये काही न दिसणाऱ्या माणसांच्या मेंदूची खास पद्धतीने चित्रं घ्यायची आणि धडधाकट माणसांच्या चित्रांशी ताडून पाहायची, हे त्यांचं संशोधन. मेंदूतल्या बारीक तंतूंमधून पाणी कसं सरकतं, ते त्या मोजायच्या. धडधाकट डोकी मिळवायला त्या राजेंद्रनगरात यूपीएससीची तयारी करणाऱ्या आपल्याकडच्या पोरांना गाठायच्या. "यांची डोकी पुढे देश चालवणार, आधी मला बघू देत," असं म्हणून हसायच्या. मीही त्यांच्या अभ्यासात नाव घातलं. त्या लांबलचक नळीत पडून राहताना मी एकच प्रार्थना करत होते, की काहीतरी दिसू दे.

काही दिसलं नाही. तोवर शाळेने मला पत्र दिलं होतं. वर्ग घ्या, नाहीतर बिनपगारी रजेवर जा. मी शुभदाताईंना म्हणाले, "एक ओळ लिहून द्या, मेंदूत इजा दिसते म्हणून. तुमचा शब्द कोण मोडणार?"

"दिसत नाही, तर कसं लिहू?"

"म्हणजे तुम्हालाही खोटंच वाटतं!"

"मला खरं वाटतं," त्या शांतपणे म्हणाल्या. "पुष्कळ माणसांची चित्रं एकत्र ठेवली की फरक दिसतो. एकट्या तुझ्या चित्रावर बोट ठेवून 'हे बघा' म्हणता येत नाही. अजून तरी येत नाही." मी चिडून उठले आणि तीन आठवडे त्यांचा फोन घेतला नाही.

चौथ्या आठवड्यात, रविवारी सकाळी, त्या स्वतःच आमच्या दारात उभ्या. आल्या आल्या त्यांनी माझ्याऐवजी सुधीरला विचारलं, "धडधाकट डोकं हवंय मला. येता का?" त्यांना नाही म्हणणं कुणाला जमायचं नाही. स्कॅन झाल्यावर, आम्हा दोघांना विचारून, त्यांनी दोन चित्रं शेजारीशेजारी पडद्यावर लावली. "सुधीरराव, यातलं तुमच्या बायकोचं कोणतं?" सुधीर बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नाही ओळखता येत."

"मलाही नाही. आता सांगा, मघाशी हिने सांगितलं तसं परवा कुकरची शिट्टी झाली आणि ही गॅस बंद करून बाथरूममध्ये जाऊन बसली, ते यात कुठे आहे?"

त्या दिवसानंतर आमच्या घरात "रिपोर्ट" हा शब्द कुणी काढला नाही, आणि कुकर तेच लावू लागले.

शाळेतही त्या माझ्याबरोबर आल्या. आधी त्यांनी त्यांच्या ओळखीच्या न्यूरॉलॉजिस्टकडून माझी रीतसर तपासणी करून घेतली होती. लक्ष आणि स्मरण किती टिकतं, ते कागदावर होतं. प्रिन्सिपल मॅडमनी तो बाजूला सारून विचारलं, "लेकिन एमआरआय में तो कुछ आया नहीं ना?" शुभदाताई म्हणाल्या, "नहीं आया. कमी हमारी मशीन की है, इनकी नहीं. तीन महीने लाइब्रेरी में बिठा दीजिए, फिर देखिए." मॅडमनी तो कागद पुन्हा ओढून वाचला. मला लायब्ररी मिळाली. पुढच्या सत्रात एक वर्ग, मग दोन, मग सगळे. आजही लग्नाच्या हॉलमध्ये मला फार वेळ थांबवत नाही, पण मी शिकवते. त्यांनी ती एक ओळ लिहून दिली असती, तर मी त्यांच्याकडून फक्त एक ओळ घेऊन गेले असते.

दर दोन-तीन महिन्यांनी त्यांचा फोन यायचा, अगदी शेवटपर्यंत. पहिला प्रश्न ठरलेला, "आज जेवायला काय केलंस?" मी सांगायचे, त्यावर गप्पा व्हायच्या, तब्येतीचं मागून. एकटी बाई, डबा लावलेला, घरचं काही ऐकावंसं वाटत असेल, असं मी इतकी वर्षं समजत होते.

गेल्या आठवड्यात एका अनोळखी नंबरवरून फोन आला. शुभदाताईंच्या हाताखाली काम करणारी मुलगी होती, मेरठची. अभ्यास आता तीच पुढे नेते आहे. "मैम, आज खाने में क्या बनाया?" तिने विचारलं. मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? ती म्हणाली, मॅडमनी सगळं लिहून ठेवलंय. आधी जेवणाचं विचारायचं, कारण ज्यांचे शब्द हरवतात त्यांना पदार्थांची नावं सांगताना किती वेळ लागतो ते ऐकू येतं.

म्हणजे त्या मोजत होत्या! मला हसूही आलं, थोडं लागलंही. "और कुछ लिखा है?" मी विचारलं.

"जी. लिखा है, जवाब आ जाए तो भी जल्दी मत करना. पहले खाने की ही बात करना. उन्हें अच्छा लगता है, और मुझे भी."

मी तिला सांगितलं, दोडक्याची भाजी केली. ते तिला कळलं नाही. मग तोरी म्हणाले, फोडणीत काय घातलं ते सांगितलं, वरून दाण्याचं कूट, आणि ती पोरगी, बिलकूल घाई न करता, ऐकत राहिली.