हंडाभर पाणी ओतलं त्या दुपारी

नांदेडला मी रुग्णवाहिकेवरच्या कामाचं प्रशिक्षण घेत होते. तुकडीत मुली दोनच. दुसरी पंधरा दिवसांत सोडून गेली. "स्ट्रेचर उचलणं बाईमाणसाचं काम न्हाई," असं आमचे सर रोज ऐकवायचे. मी रोज उचलायचे.

दुष्काळाचा उन्हाळा होता. सरावासाठी मला मुखेडकडच्या गाडीवर पाठवलं. एका दुपारी फोन आला : टँकरच्या रांगेत म्हातारी कोसळली. पोचलो तर लोक तिला कांदा हुंगवत होते. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही, आणि तोंडानं नुसती बरळत होती.

"ऊन लागलंय. आधी अंग थंड कर," गाडीवरचे डॉक्टर सलाईनसाठी शीर शोधत म्हणाले. आमचा पाण्याचा कॅन सकाळच्या पेशंटवरच संपला होता. टँकरही रिकामा होऊन गेलेला.

समोरच्या बाईच्या कडेवर भरलेला हंडा होता. मी मागितला. तिनं तो घट्ट धरला.

"पहाटंपासून हुभी हाय मी. घरी लेकरं हायत."

"मावशी, म्हातारी मरंल."

ती हलली नाही. मी हंडा ओढून घेतला आणि म्हातारीच्या अंगावर ओतला.

एकच गलका झाला. नवा जिल्हा पाहिजे म्हणून सह्या गोळा करत फिरणारा गावचा पुढारी तिथंच होता. "ए पोरी, पाणी मातीत घालून राहिलीस! जिल्हा होऊ दे आमचा, मग बघतो तुला."

"जिल्हा व्हईल तवा व्हईल. ही आत्ता मरून राहिली. ते सह्याचे कागद घ्या अन् वारा घाला."

त्यानं कागद छातीशी धरले. एका म्हाताऱ्यानं मात्र उपरणं काढून वारा घालायला सुरुवात केली. मी शेजारचा दुसरा हंडा उचलला. या वेळी कुणी अडवलं नाही.

मुखेडच्या दवाखान्याच्या वाटेवर म्हातारीनं डोळे उघडले आणि लुगडं भिजवलं म्हणून मला शिवी हासडली.

चार दिवसांनी पुढाऱ्याची तक्रार आली. सरांनी कोरा कागद पुढं सरकवला. "माफी लिही. न्हाई तर परीक्षेला बसू देणार न्हाई."

"हंडा हिसकावला त्याची माफी त्या बाईच्या दारात जाऊन मागते, सर. पाणी ओतल्याची मागणार न्हाई."

घडलं तेवढंच लिहिलं, खाली गाडीवरच्या डॉक्टरांची सही घेतली आणि कागद टेबलावर ठेवला. सरांनी दोनदा वाचला. परीक्षेच्या यादीतून माझं नाव काही काढलं नाही.

रविवारी पाण्याचे दोन कॅन घेऊन मी एसटीनं त्या बाईकडे गेले. तिनं कॅन ठेवून घेतले. आत ये म्हणाली नाही. तिचंही बरोबरच होतं.